‘इन्फर्नल अफेअर्स’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाँगकाँगचा हा सिनेमा कुणाला सुचवला की ठरलेले प्रश्न येतात. आधी ‘कशाबद्दल आहे?’, बघून झाल्यावर रात्री साडेबाराला ‘अरे, तो लिफ्टमधला कोण होता?’, आणि आठवडाभराने ‘पुढचे भागही बघू का?’ दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतोय. या लिखाणाचा पहिला भाग सिनेमा न पाहिलेल्यांसाठी आहे. जिथून शेवट फुटायला लागतो तिथे पाटी लावली आहे. तिथे थांबा, सिनेमा बघा, मग या.

गोष्ट काय आहे?

पोलिसांचा एक माणूस टोळीत आहे आणि टोळीचा एक माणूस पोलिसांत. दोघंही आपापल्या जागी दहाएक वर्षं मुरलेले. एका रात्री अमली पदार्थांच्या सौद्यावर पोलीस पाळत ठेवतात. सौदा फिसकटतो आणि धाडही फसते, कारण दोन्हीकडे आतूनच खबर पोचत असते. घरात कुणीतरी भेदी आहे हे त्या रात्री दोन्ही साहेबांना कळतं. मग दोघंही भेद्याला हुडकायचं काम आपल्या सगळ्यात विश्वासू माणसावर सोपवतात. पोलिसांकडून ते काम ज्याच्या गळ्यात पडतं तो स्वतःच भेदी असतो. चोराच्या हाती तिजोरीची किल्ली देऊन वर ‘चोर शोध’ म्हणून सांगितल्यासारखं.

टोळीतला पोलीस म्हणजे चान विंग-यान (टोनी ल्युंग). पोलिसांतला गुंड म्हणजे लाउ किन-मिंग (अँडी लाउ). यानचा वरिष्ठ वाँग (अँथनी वाँग) आणि टोळीचा म्होरक्या साम (एरिक त्सांग). ही चार नावं डोक्यात ठेवलीत की पुरे. लांबी १०१ मिनिटं, मध्ये उठून चहा टाकायला जागा नाही.

कुणी केला, कधी आला?

१२ डिसेंबर २००२ रोजी हाँगकाँगमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अँड्र्यू लाउ आणि अ‍ॅलन माक, पटकथा माक आणि फेलिक्स चाँग यांची. तेव्हा तिथला सिनेधंदा मंदीत होता, लोक थिएटरकडे फिरकेनासे झाले होते, आणि या सिनेमाने त्यांना परत आणलं. पुढच्या वर्षीच्या हाँगकाँग फिल्म पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, अभिनेता (टोनी ल्युंग) आणि सहायक अभिनेता (अँथनी वाँग) अशी मोठी बक्षिसं याच सिनेमाने नेली.

इतके लाउ कसे काय?

अँडी लाउ हा नट, तो लाउ नावाचंच पात्र करतो, आणि अँड्र्यू लाउ हा वेगळाच गृहस्थ, दिग्दर्शक आणि छायाचित्रकार. आपल्याकडे एकाच सिनेमात तीन पाटील असावेत तसं समजा. टोनी ल्युंगही दोन आहेत. हाँगकाँगमध्ये लोक त्यांना ‘मोठा टोनी’ आणि ‘छोटा टोनी’ म्हणतात. या सिनेमातला तो छोटा, टोनी ल्युंग चिउ-वाय.

हा हेरपट आहे की पोलीसपट?

दोन्ही. मात्र आपण सरसकट वापरतो ते शब्द इथे वेगळे करून घ्यावे लागतात. ‘खबऱ्या’ हा मुळात त्याच दुनियेतला माणूस. पैशासाठी, नाहीतर आपली केस हलकी व्हावी म्हणून तो पोलिसांना टिप देतो. यान खबऱ्या नाही. तो पगारी पोलीस आहे. पोलीस प्रशिक्षणातून सगळ्यांदेखत हाकलून दिल्याचं नाटक करून त्याला टोळीत सोडलेलं आहे. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी लहानपणी ऐकलेल्या आपल्या माणसाला वेषांतर म्हणजे फकीर, गोंधळी, वासुदेव असं काही वाटतं. सोंग काढायचं, बातमी आणायची आणि परत महाराजांपुढे उभं राहायचं. यानला सोंग उतरवायला वेळच मिळत नाही. वाँगने त्याला तीन वर्षं सांगितलेली असतात, मग आणखी तीन, मग आणखी तीन. गच्चीवर तो साहेबाला हा हिशेब ऐकवतो तेव्हा एखादा कंत्राटी कर्मचारी कायम कधी करणार म्हणून विचारतोय असंच वाटतं.

तिथल्या टोळ्यांच्या बोलीत असल्या फितुराला आकड्याने हाक मारतात, ‘दोन-पाच’वाला. टोळ्यांमध्ये हुद्द्यांना आकडे असतात. साधा सदस्य ४९, मारामारीचा म्होरक्या ४२६, हिशेब-सल्ला बघणारा ४१५, सर्वांत वरचा ४८९. २५ म्हणजे घरभेदी.

ट्रायड म्हणजे नक्की काय?

हाँगकाँगच्या जुन्या गुप्त टोळ्या. शपथा, विधी, भाऊबंदकीची भाषा वरून, आणि खाली खंडणी, जुगार, गर्द. तिथल्या सोसायटीज ऑर्डिनन्स या कायद्याखाली ट्रायडचा नुसता सदस्य असणं, इतकंच काय, ‘मी सदस्य आहे’ असं सांगणं हाही गुन्हा आहे. म्हणजे यान सकाळी उठून सामच्या अड्ड्यावर जाऊन बसला की कायद्याच्या लेखी गुन्हेगार होतो. तो तसा नाही हे सांगू शकणारी माणसं आधी दोन असतात. त्यातले एक, प्रशिक्षण शाळेचे प्रमुख, सुरुवातीलाच जातात. त्यांच्या अंत्ययात्रेला यान गल्लीच्या तोंडाशी आडोशाला उभा राहून सॅल्यूट करतो. दुरून, कुणाला दिसणार नाही असा. उरतो एकटा वाँग.

पोलिसांच्या बाजूची पार्श्वभूमीही माहीत असलेली बरी. साठ-सत्तरच्या दशकांत हाँगकाँग पोलिसांत हप्तेबाजी इतकी खोल गेली होती की १९७४ मध्ये भ्रष्टाचार निपटायला स्वतंत्र आयोग नेमावा लागला. पोलिसांतच टोळीची माणसं असतील ही शंका तिथल्या प्रेक्षकाला मुद्दाम पटवून द्यावी लागत नाही. आपल्यालाही लागत नाही म्हणा.

नावाचा अर्थ काय?

इंग्रजी नाव ही शब्दांची कोटी आहे. पोलिसांच्या अंतर्गत चौकशी विभागाचं ‘इंटर्नल अफेअर्स’ हे इंग्रजी नाव एका अक्षराने बदललं आणि त्यात नरक शिरला. हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेतलं मूळ नाव ‘मोऊ गान दोऊ’ मात्र थेट आपल्या घरातलं आहे. ‘मोऊ गान’ म्हणजे खंड नसलेलं, आणि हे ज्या शब्दाचं चिनी भाषांतर आहे तो शब्द संस्कृत-पाली ‘अवीची’. बौद्ध परंपरेतला सर्वांत खालचा नरक, जिथे यातनेला मध्ये विसावा नाही. बुद्धाच्या जिवावर उठलेला देवदत्त तिथेच गेला असं सांगतात. संस्कृतात ‘वीचि’ म्हणजे लाट, आणि दोन लाटांमधली उसंतही. ती नसते तो अवीची. सिनेमाच्या सुरुवातीला आणि शेवटी बौद्ध वचनं पडद्यावर येतात. ती घाईत सोडून देऊ नका, शेवटाचा निकाल त्यांच्यातच लागलेला आहे.

घरच्यांसोबत बघता येईल का? कोणत्या भाषेत बघू?

येईल. गोळीबार थोडा, रक्त बेताचं, अंगप्रदर्शन नाही. बारकी मुलं कंटाळतील. भाषा मात्र मूळ कँटोनीजच ठेवा आणि उपशीर्षकं लावा. मँडरिन किंवा इंग्रजी डबिंगमध्ये टोनी ल्युंगचा तो थकलेला, अर्ध्या घशातून येणारा आवाज जातो, आणि आवाज गेला की अर्धा यान गेला. मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यातल्या हॉस्टेलवर, दोन सीडींवर, उपशीर्षकं तीन सेकंद उशिरा. कोण काय म्हणालं याचा पत्ता नाही, तरी पहिली सीडी संपली तेव्हा खोलीत कुणी हललं नव्हतं.

— इथून पुढे शेवट फुटतो —

धाडीच्या रात्री यान खबर देतो कशी?

बोटाने. टोळी सौद्याची जागा बदलत राहते, यान सामच्या शेजारी बसलेला, फोन करायची सोय नाही. तो कंटाळलेल्या माणसासारखा बोटाने टकटक करत राहतो. दुसऱ्या टोकाला वाँगच्या कानाला हेडफोन, आणि ती टकटक म्हणजे मोर्स कोड, लांब-आखूड खुणांची सांकेतिक लिपी. त्याच पोलिसी खोलीत लाउही बसलेला आहे आणि तो आपल्या मोबाइलवरून सामला सावध करतोय. एकाच खोलीतून बातमी बाहेर जातेय, त्याच खोलीत ती आतही येतेय. या दहा-पंधरा मिनिटांत एकही गोळी सुटत नाही. हाँगकाँगचा सिनेमा म्हटलं की दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन उडणारे नायक आठवणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर बघावा.

नंतर साम यानचा प्लास्टरमधला हात धरतो आणि ते प्लास्टर फोडतो, आत माइक लपवलाय का बघायला. आत हातच असतो. यानच्या चेहऱ्यावर त्या क्षणी दुखणं किती आणि सुटका किती, हे मला चार वेळा बघूनही सांगता येत नाही.

यान लाउला ओळखतो कसा?

एका पाकिटावरून. टोळीतला भेदी शोधण्यासाठी साम आपल्या माणसांची माहिती लिहून घेतो. त्यातल्या केउंग नावाच्या बावळट पण जीव लावणाऱ्या पोराला एक अक्षर लिहिता येत नाही, तर यान ते पाकिटावर लिहून देतो. पुढे वाँग मेल्यावर यान लाउच्या ऑफिसात येतो. दोघंही आता एकाच बाजूचे आहेत असं त्याला वाटत असतं. समोर लाउच्या टेबलावर तेच पाकीट, त्यावर स्वतःचं हस्ताक्षर. लाउ आतून येईपर्यंत खुर्ची रिकामी.

त्याआधी एक सूचना दिग्दर्शकांनी सोडून ठेवलेली आहे. थिएटरमध्ये सामला भेटून निघालेल्या माणसाचा यान पाठलाग करतो, तेव्हा तो माणूस हातातलं पाकीट मांडीवर आपटत चालत असतो. लाउची ती सवय ऑफिसातही सुटत नाही.

यान सरळ पळून का जात नाही? फाइलसाठी जीव का धोक्यात घालतो?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि माझ्या मते सिनेमा इथेच आहे, पाठलागात नाही.

१९७८ च्या ‘डॉन’मधला विजय आठवा. डीएसपी डिसिल्वा त्याला डॉनच्या जागी पाठवतात, खरी गोष्ट त्यांच्या एकट्याच्याच पोटात, आणि ते मरतात. मग विजय पोलिसांनाही डॉन आणि टोळीलाही शत्रू. तिथे एक लाल डायरी हाताशी येते, मारामारी होते आणि तीन तासांत सगळं मार्गी लागतं. इथे वाँगला इमारतीवरून खाली फेकतात आणि तो यानच्या डोळ्यांसमोर एका टॅक्सीच्या टपावर येऊन पडतो. यानच्या दहा वर्षांचा एकुलता एक साक्षीदार. आता उरली फक्त संगणकातली नोंद, आणि ती लाउ पुसून टाकतो.

दाखल्याशिवाय माणूस नसतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जिवंत माणसाला हयातीचा दाखला आणायला लावणारे आपण. पळून गेला तर यान जगेल, पण कोण म्हणून? कागदोपत्री तो हाकललेला पोलीस शिकाऊ आणि नंतरचा सराईत गुंड, बस. एका प्रसंगात त्याला त्याची जुनी मैत्रीण रस्त्यात भेटते, सोबत मुलगी. किती वर्षांची विचारल्यावर आई सांगते पाच. आई पुढे गेल्यावर मुलगी म्हणते सहा. तेवढंच. त्या एका वर्षाच्या फरकातून आपल्याला कळतं की ती यानची आहे. त्याला कळलं का? सिनेमा सांगत नाही. बाप म्हणूनही त्याची कुठे नोंद नाही.

लिफ्टमधला तो कोण?

लाउच्या हाताखालचा इन्स्पेक्टर. यान लाउच्या डोक्याला पिस्तूल लावून लिफ्टकडे येतो आणि हा समोरून यानच्या डोक्यात गोळी घालतो. मग लाउला सांगतो की मीही सामचाच. म्हणजे पोलिसांत पेरलेला लाउ एकटा नव्हता. खाली जाताना लाउ त्यालाही संपवतो आणि ओळखपत्र उंचावून बाहेर येतो, मी पोलीस आहे म्हणत. वर यानचा देह लिफ्टच्या दारात आडवा आणि दार त्याच्यावर आपटून उघडतंय, पुन्हा आपटतंय. पार्श्वसंगीत त्या आवाजाला झाकत नाही, ते बरं केलं.

मग लाउ सुटतो? हे कसलं न्यायाचं गणित?

दोन शेवट फिरतात, म्हणून वाद होतात. हाँगकाँगच्या मूळ आवृत्तीत लाउ पकडला जात नाही. मुख्य भूमी चीनमध्ये गुन्हेगार सुटलेला दाखवणं अधिकाऱ्यांना पचणारं नव्हतं, म्हणून तिकडच्या आवृत्तीत लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या लाउला अटक होते. तुम्ही अटकवाला पाहिला असेल तर मूळचा शोधून पुन्हा बघा. त्यात लाउने पुसूनही यानची नोंद अखेर दुसरीकडे सापडते, त्याला पोलीस म्हणून मानवंदना मिळते, आणि ती देणाऱ्यांच्या रांगेत लाउ उभा असतो. अटक झाली असती तर त्याचं सोंग तरी संपलं असतं. अवीचीला मध्ये उसंत नसते, असं वर म्हटलं ते हेच.

लाउ खरंच सुधारू पाहत होता का?

गच्चीवर तो यानला हेच सांगतो की मला आता चांगलं व्हायचंय. मला तो खोटा वाटत नाही. सामला त्यानेच गोळी घातली. पण त्याला चांगलं व्हायचंय ते फुकटात, मागचं बिल न भरता. त्याची होणारी बायको मेरी लेखिका आहे. ती अठ्ठावीस व्यक्तिमत्त्वं असलेल्या माणसावर कादंबरी लिहीत असते आणि तो चांगला की वाईट हे तिला ठरवता येत नसतं. हे रूपक जरा ढोबळच झालं. इतक्या कंजूष सिनेमात एवढा भडकपणा खटकतो.

दुसरा आणि तिसरा भाग बघावा का?

दुसरा नक्की. तो २००३ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि गोष्टीची आधीची वर्षं सांगतो, १९९१ पासून १९९७ च्या हस्तांतरापर्यंत. ब्रिटिश जातात, चीन येतो, पोलिसांच्या टोपीवरचा राजमुकुट जाऊन तिथे फूल येतं, आणि त्या रात्री टोळ्यांचीही वाटणी होते. साम इथे थोडा हळवाही आहे. त्याच्या बायकोचं नावही मेरीच, आणि लाउच्या आयुष्यातल्या या दोन मेऱ्या योगायोगाने आलेल्या नाहीत. तिसरा त्याच वर्षीच्या डिसेंबरचा, काळ मागे-पुढे करणारा आणि गुंतागुंतीचा. टोनी ल्युंग जास्त बघायचा असेल तर बघा.

‘द डिपार्टेड’ याचाच रिमेक ना? कोणता चांगला?

हो. मार्टिन स्कॉर्सेसीने २००६ मध्ये गोष्ट बोस्टनच्या आयरिश टोळ्यांत नेली. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले, त्यात स्कॉर्सेसीचं दिग्दर्शनासाठीचं पहिलं. त्या समारंभात मूळ सिनेमा जपानी असल्याचं जाहीर झालं. ओळख पुसली गेलेल्या माणसाच्या सिनेमाची ओळखच चुकवली, याहून समर्पक काय होणार!

रिमेक पन्नास मिनिटांनी लांब आहे, शिव्या भरपूर, माणसं मोठ्याने बोलतात. त्यात बोस्टनचा आपला इतिहास मिसळला आहे. तिथला व्हाइटी बल्जर हा टोळीवाला खरोखरच एफबीआयचा खबऱ्या होता. पण तिथे शेवटी लाउच्या जागचं पात्र गोळी खाऊन मरतं आणि हिशेब चुकता होतो. मला मूळचा न चुकलेला हिशेबच जास्त छळतो. चव आपापली.

खऱ्या आयुष्यात इतकी वर्षं कुणी आत राहतं का?

अमेरिकेतला जोसेफ पिस्टोन हा एफबीआयचा माणूस ‘डॉनी ब्रास्को’ या नावाने १९७६ ते १९८१ न्यूयॉर्कच्या बोनानो माफियात राहिला. त्याच्या साक्षींनी शंभराहून जास्त जणांना शिक्षा झाल्या, आणि नंतरचं आयुष्य त्याला नाव बदलून काढावं लागलं. म्हणजे पाच वर्षं तरी खरी आहेत. दहा म्हणजे पटकथाकारांनी थोडं ताणलंय.

लाउ आणि यान भेटतात ते हाय-फायचं, म्हणजे म्युझिक सिस्टिमचं, दुकान खरंच आहे का?

तो हाँगकाँगचा शाम शुई पो भाग. तिथला अपलिउ स्ट्रीट म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा चुलतभाऊ, वायरी, रेडिओ, जुने अँप्लिफायर. सिनेमाप्रेमी तिथे जाऊन फोटो काढतात. लाउ गिऱ्हाईक म्हणून येतो, यान काउंटरवर. यान त्याला स्पीकर लावून दाखवतो आणि दोघं शेजारी शेजारी बसून चाय चिन या गायिकेचं गाणं ऐकतात. कुणी कुणाला ओळखत नाही. अख्ख्या सिनेमात या दोघांना निवांत बसायला मिळतं ते एवढंच. यान सांगतो ती वायर लाउ विकत घेतो.

दुसऱ्यांदा बघताना काय बघू?

पोलीस प्रशिक्षण शाळेचा प्रसंग. यानला सगळ्यांसमोर हाकललं जातं, तो बॅग घेऊन फाटकाबाहेर पडतो. शिक्षक रांगेतल्या बाकीच्यांना दरडावून विचारतात, याच्या जागी कुणाला जायचंय? रांगेत कोवळा लाउ उभा आहे. त्याचे ओठ बघा.